दोन राउटर, कारभारी एकच

फायबरचं कनेक्शन जोडायला येणारा मुलगा घरात शिरतो तेव्हा वायफाय कुठवर पोचेल हे त्याच्या डोक्यात नसतं. भिंतीला भोक कुठून पाडलं तर वायर कमी लागेल, एवढंच तो बघतो. त्याचंही बरोबर आहे, त्याला अजून चार घरं उरकायची असतात. त्यामुळे बॉक्स बसतो तो दाराशेजारी, टीव्हीमागे नाहीतर जिन्याखाली. हॉलमध्ये नेट पळतं आणि आतल्या खोलीत मीटिंग लावून बसलेल्या माणसाचा चेहरा स्क्रीनवर गोठतो. मग कपाटात पडलेला जुना राउटर आठवतो. तो कामाला येतो, अगदी चांगला कामाला येतो. फक्त तो कसा जोडायचा हे नीट ठरवून करावं लागतं. नुसती वायर खुपसली तरी नेट चालू होतं, आणि घोळाला सुरुवात तिथेच होते.

त्याआधी एक खातरजमा. फोन घेऊन बॉक्सच्या शेजारी उभे राहा, ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडा आणि वेग मोजा. तिथेही प्लॅनच्या मानाने फारच कमी वेग मिळत असेल तर दुखणं कनेक्शनचं आहे. दुसरा राउटर त्यावर औषध नाही, कंपनीकडे तक्रार करा. हॉलमध्ये वेग चांगला आणि आत गेल्यावर मेला, तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे. वायफायची ताकद मोजणारी मोफत ॲप्स अँड्रॉइडवर मिळतात. त्यातला आकडा उणे असतो: उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ च्या आसपास व्हिडिओ कॉल सुखाने चालतो, आणि उणे ८० च्या पलीकडे फोन नुसता जोडलेला दिसतो, काम काही होत नाही.

तरीही दुसरा राउटर काढण्याआधी बॉक्स टीव्हीच्या मागून काढून कपाटावर उंच ठेवून बघा. वायर दोन-तीन मीटरने लांबवून देणं नेटवाल्याला जड नसतं, आणि कित्येक घरांत तेवढ्यानेच भागतं. अडथळे कोणते ते ओळखा: स्लॅब आणि बीममधलं लोखंड, बाथरूमच्या फरशा, कपाटाचा मोठा आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी. कोकणातल्या जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झला फारशा पलीकडे जाऊ देत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झ त्यातून पोचतं, पण वेग कमी, आणि मायक्रोवेव्हसारख्या वस्तूंची लुडबुडही त्याच पट्ट्यात. अशा घरात मोठ्या अँटेनांचा महागडा राउटर आणण्यापेक्षा भिंतीपलीकडे दुसरा साधा राउटर ठेवणं केव्हाही शहाणपणाचं. राउटर कितीही ओरडला तरी फोनचा आवाज उलट दिशेने त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे, आणि फोनची ताकद तेवढीच राहते.

भांडण कशावरून होतं

आपण ज्याला राउटर म्हणतो तो डबा खरं तर तीन-चार कामं एकटा करतो. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, लॅपटॉपला तो एकेक पत्ता वाटतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. त्या सगळ्यांना बाहेरच्या जगात एकाच पत्त्याने वावरू देतो, हे नॅट. मागच्या भोकांमध्ये लावलेल्या वायरी एकमेकींना जोडतो. आणि वायफाय पसरवतो. आतल्या खोलीत आपल्याला यातलं फक्त शेवटचं काम हवंय. बाकीची कामं हॉलमधला बॉक्स करतोच आहे.

पण जुन्या राउटरला हे कोणी सांगितलेलं नसतं. पहिल्या राउटरमधून आलेली वायर दुसऱ्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बहुधा वेगळ्या रंगाच्या त्या एकट्या भोकात घातली, की तो आपला वेगळा संसार थाटतो. एका घरात दोन कारभारी झाले की किराण्याचा हिशेब जसा कोणालाच लागत नाही, तसं इथे होतं. आतल्या खोलीतला फोन एका जाळ्यात, हॉलमधला टीव्ही दुसऱ्यात. कास्ट करायला जावं तर फोनला टीव्ही दिसत नाही. प्रिंटर हॉलमध्ये व्यवस्थित चालतो आणि आतल्या लॅपटॉपला सापडत नाही. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठी पोर्ट उघडायचा तर दोन ठिकाणी उघडावा लागतो. त्यातून हल्ली बऱ्याच कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, म्हणजे तिसरा पडदा त्यांच्याकडचा. तो आपल्या हातात नाही.

दुसरी गंमत पत्त्यांची. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते कोणीही घरात वापरावेत म्हणून राखून ठेवलेले आहेत. १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात ते नमूद आहेत. म्हणून तुमच्या आणि शेजाऱ्याच्या बॉक्सचा पत्ता एकच असला तरी बिघडत नाही. पण तुमच्याच घरातले दोन्ही डबे स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवत असतील तर कोणता निरोप कोणाकडे जायचा हेच ठरत नाही. काही राउटर हे ओळखून स्वतःचा पत्ता बदलतात. काही बदलत नाहीत, आणि मग फोनवर वायफायचे पूर्ण दांडे दिसत असूनही नेट बंद असतं.

तेव्हा नियम एकच: पत्ते वाटणारा घरात एक. कारभार शक्यतो कंपनीच्या बॉक्सकडेच राहू द्या. त्याला ब्रिज मोडवर टाकून स्वतःच्या राउटरला कारभारी करता येतं, पण त्यासाठी कंपनीची मदत आणि काही ठिकाणी लॉगिनचा वेगळा पासवर्ड लागतो. शिवाय त्याच बॉक्सवर लँडलाइन किंवा टीव्हीची सेवा असेल तर ती अडू शकते. ज्याला त्यातली आवड आहे त्याने करावं, इतरांनी त्या फंदात पडू नये.

एक अपवाद सांगून ठेवतो. घरातच दवाखाना आहे, वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत, आणि त्यांना आपल्या जाळ्यापासून वेगळं ठेवायचंय. तेव्हा दोन वेगळे संसार मुद्दाम थाटावेत. मात्र लोक हे बहुधा उलटं करतात: पाहुण्यांना दुसऱ्या राउटरवर टाकतात आणि स्वतः पहिल्यावर राहतात. दुसऱ्यावर बसलेल्याला पहिल्याच्या घरातली उपकरणं गाठता येतात, पहिल्यावरच्याला दुसऱ्याच्या घरात शिरता येत नाही. म्हणजे आपली कागदपत्रं असलेला संगणक दुसऱ्यामागे हवा आणि भाडेकरू पहिल्यावर. याहून सोपं म्हणजे पहिल्याच बॉक्समध्ये गेस्ट नेटवर्क असेल तर ते चालू करावं.

जुळणी

दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असा पर्याय असेल तर निम्मं काम वाचलं. तो निवडा, वायफायचं नाव आणि पासवर्ड द्या, पहिल्याच्या लॅन पोर्टमधून आलेली वायर तो सांगेल त्या भोकात लावा. झालं. पण कपाटातल्या जुन्या राउटरमध्ये हा पर्याय असेलच असं नाही. टेलिफोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडच्या काळातले मोडेम-राउटर तर त्याहून जुने. त्यांनाही याच कामाला लावता येतं, फक्त हाताने.

आधी पहिल्या राउटरचा पत्ता बघा. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर टिचकी मारली की तपशिलात 'गेटवे' दिसतो, तोच. बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या बॉक्सचा १९२.१६८.२९.१. उदाहरणासाठी आपण १९२.१६८.१.१ धरू. त्या पानावर लॉगिन करून डीएचसीपीचं वाटप कुठून कुठपर्यंत आहे ते पाहा. २ पासून २५४ पर्यंत सगळंच मोकळं सोडलेलं असेल तर सुरुवात १० पासून करा. मधले काही पत्ते आपल्याला राखीव हवेत.

आता जुना राउटर. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. सगळे दिवे एकदम लागून विझले की तो कोरा झाला. लॅपटॉप वायरने त्याच्या लॅन पोर्टला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि बुडावरच्या स्टिकरवर लिहिलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका. हॉलमधल्या बॉक्सला त्याची वायर अजून लावायची नाही.

पुढचा क्रम पाळलात तर वैताग वाचेल. पहिल्यांदा वायफायचं नाव, पासवर्ड आणि सेटिंगचं पान उघडण्याचा पासवर्ड बदलून घ्या. मग लॅन सेटिंगमध्ये जाऊन राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. तो पुन्हा सुरू होईल आणि जुनं पान मरेल. घाबरायचं कारण नाही, नव्या पत्त्यावर परत लॉगिन करा. डीएचसीपी बंद करायचं ते सर्वांत शेवटी. आधीच बंद केलंत तर लॅपटॉपला पत्ता देणारं कोणी उरत नाही आणि अर्धवट सेटिंगसकट तुम्ही दाराबाहेर.

मग वायर. पहिल्याच्या लॅन पोर्टमधून निघून दुसऱ्याच्याही लॅन पोर्टमध्येच जायची, वॅनचं भोक रिकामं. त्या भोकावर इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून टाका. झाडलोट करताना कोणीतरी वायर काढतो, आणि परत लावताना रंगीत भोक हीच खरी जागा असं वाटून तिथेच खुपसतो.

आता आतल्या खोलीतलं वायफाय जोडून फोनचे तपशील पाहा. पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होणारा आणि गेटवे १९२.१६८.१.१ असेल तर जुळणी बरोबर. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर उपकरणाला कोणाकडूनच पत्ता मिळाला नाही आणि त्याने मनानेच एक घेतला. तेव्हा वायर किंवा भोक चुकलंय. अँड्रॉइड फोन अशा वेळी बहुधा पत्ता मिळवतोय म्हणत अडून बसतो. गेटवे १९२.१६८.१.२ दिसला तर दुसऱ्याचं डीएचसीपी अजून चालूच आहे.

दोन्ही राउटरांमध्ये वायर एकच हवी. 'जास्तीचा वेग मिळेल' म्हणून दुसरी लावली, किंवा मोकळं लोंबणारं टोक कोणी नीटनेटकेपणाने त्याच राउटरच्या शेजारच्या भोकात घातलं, की निरोप गोल गोल फिरत राहतो आणि घरभरचं नेट बसतं. ओळखायची खूण म्हणजे लॅनचे सगळे दिवे एकाच तालात झपझप लुकलुकायला लागतात.

वायरीवर कंजुषी नको

या सगळ्यात पैसे खर्च करण्यासारखी वस्तू एकच, वायर, आणि नेमकी तिथेच काटकसर होते. कॅट ६ घ्या, निदान कॅट ५ई. दोन्हींवर १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग मिळतो, घराला याहून जास्त काय हवं. पण ती पूर्ण तांब्याची हवी. बाजारात स्वस्तात मिळते ती पुष्कळदा सीसीए, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा दिलेली. चाकूने तारेचं टोक खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर परत द्या.

वायरमनला वायर टाकायला सांगाल तेव्हा दोन गोष्टी स्वतः उभं राहून बघा. पहिली, ती विजेच्या वायरीच्याच पाइपातून ओढली जाऊ नये. दुसरी, दोन्ही टोकांच्या कनेक्टरमध्ये आठही तारा बसल्या पाहिजेत, एकाच क्रमाने: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. चारच तारा जोडल्या तरी नेट चालतं, पण १०० एमबीपीएसच्या वर जात नाही. मग तीनशेचा प्लॅन घेतलेला माणूस कंपनीला शिव्या घालत बसतो. लॅपटॉप त्या वायरीला जोडून लिंक स्पीड बघितला की लगेच कळतं: १००० दिसायला हवं तिथे १०० दिसलं तर टोकं पुन्हा क्रिम्प करून घ्या. जुन्या राउटरचीच भोकं १०० ची असतील तर मात्र वायर निर्दोष आहे. नवीन विकत घेतानाही हे बघा. डब्यावर ठळक १२०० लिहिलेल्या कित्येक स्वस्त राउटरांची मागची भोकं १०० चीच असतात. 'गिगाबिट पोर्ट' हे शब्द शोधा.

बाहेरून, गच्चीवरून वायर न्यायची असेल तर उन्हात टिकणारी काळ्या आवरणाची बाहेरची केबल मागा. आतली केबल उन्हाने तडकते. आणि दोन वेगळ्या इमारतींमध्ये, समजा घर आणि अंगणापलीकडचं आउटहाउस किंवा शेतावरची खोली यांच्यामध्ये, तांब्याची वायर मुळीच नको. वळवाच्या आणि परतीच्या पावसात जवळपास वीज कोसळली की त्या तारेतून येणारा दणका दोन्ही टोकांचे राउटर, कधी टीव्हीसुद्धा, घेऊन जातो. तिथे फायबर टाकून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावावेत. फायबरमधून वीज वाहत नाही, फक्त आधारासाठी धातूची तार असलेली फायबर केबल घेऊ नका.

वायर टाकणं शक्यच नसेल, भाड्याचं घर असेल, तर रिपीटर किंवा मेश. रिपीटर लोक नेमका जिथे रेंज नाही त्या खोलीत लावतात, आणि मग तो तिथे काहीच पसरवू शकत नाही. त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. त्याला अर्ध्या वाटेवर, जिथे फोनवर उणे ६५ च्या आसपास आकडा दिसतो, तिथे ठेवा. एकाच पट्ट्यावर ऐकायचं आणि बोलायचं म्हटल्यावर वेग निम्म्यावर येतो, तेवढं धरून चाला. मेशचे जोड महाग, पण नाव-पासवर्डाची, चॅनेलची कटकट तेच सांभाळतात. मेश घेतला तरी त्याच्या दोन तुकड्यांमध्ये वायर टाकता आली तर टाकावी. आणि मेशही कंपनीच्या बॉक्सला जोडताना ॲक्सेस पॉइंट मोडवरच टाकायचा, नाहीतर पुन्हा दोन कारभारी.

नाव एक की दोन

चाचणी चालू असताना दोन्ही वायफायना वेगळी नावं ठेवा, म्हणजे फोन कोणाला जोडलाय ते कळतं. सगळं सुरळीत झालं की दोन्हीकडे एकच नाव, एकच पासवर्ड आणि सुरक्षेचा एकच प्रकार ठेवा. मग फोन हॉलमधून आत जाताना स्वतःच राउटर बदलतो. काही जाणकार दोन नावंच बरी म्हणतात. घरात आई-आजोबा असतील तर ऐकू नका. 'आतलं वायफाय की बाहेरचं' हे विचारायला तुम्हाला ऑफिसात फोन येतील.

बदलायचं केव्हा हे मात्र फोनच ठरवतो, राउटर नाही. काही फोन चिकट असतात, हॉलमधली क्षीण रेंज सोडतच नाहीत. अशा वेळी हॉलमधल्या राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा ट्रान्समिट पॉवर 'मीडियम'वर आणा. ताकद कमी करून वायफाय सुधारतं हे पटायला जड जातं, पण करून बघा.

२.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडा, एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. रुंदी २० मेगाहर्ट्झ. सोसायटीत शेजाऱ्यांची पंधरा-वीस नावं दिसतात तिथे ४० ठेवून उलट वेग घटतो. ५ गिगाहर्ट्झवर एकाला ३६ आणि दुसऱ्याला १४९ दिलं की काम झालं.

सुरक्षा निदान डब्ल्यूपीए२, एईएससह. जुन्या राउटरमध्ये तेवढंही नसेल, नुसतं डब्ल्यूईपी असेल, तर तो भंगारातच द्या. डब्ल्यूपीएसचं बटण सेटिंगमधून बंद करा. राउटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर नवं फर्मवेअर असेल तर जुळणीच्या आधीच टाकून घ्या.

लाइट गेल्यावर काय, हेही आत्ताच बघा. दोन्ही राउटर, आणि फायबरचा बॉक्स वेगळा असेल तर तोही, इन्व्हर्टरच्या प्लगवर हवेत. एक जरी सुटला तरी आतली खोली बंद. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेणार असाल तर ॲडॉप्टरवरचे आकडे वाचा. नवे बहुतेक १२ व्होल्टचे, जुने अनेक ९ चे, आणि पिन दोन्हींची तीच असते. ९ च्या राउटरला १२ व्होल्ट दिलेत तर तो जळू शकतो. अँपिअरचा आकडा राउटरच्या गरजेइतका किंवा जास्त असला की चालतो.

राहता राहिलं एक. कधीतरी कंपनीचा माणूस बॉक्स बदलून जाईल आणि नव्या बॉक्सचा पत्ता १९२.१६८.१.१ ऐवजी १९२.१६८.२९.१ निघेल. आतला राउटर तरीही चालूच राहील, कारण पत्ते वाटणं त्याचं काम नाहीच. फक्त त्याचं सेटिंगचं पान १९२.१६८.१.२ वर उघडेनासं होईल. रिसेट करू नका. लॅपटॉप वायरने थेट त्याला जोडा, लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.५० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क द्या, पान उघडेल. तिथे त्याचा पत्ता १९२.१६८.२९.२ करा आणि लॅपटॉपची सेटिंग परत 'ऑटोमॅटिक'वर न्या. नव्या बॉक्सला वायफायचं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, म्हणजे घरातला एकही फोन, टीव्ही किंवा कॅमेरा पुन्हा जोडावा लागत नाही.